नववीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि ‘पर्यावरणाचं पुस्तक’

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की मुलगी नववीत, मुलगा सातवीत, दोघंही इंग्रजी मीडियमला, मराठी येतं पण वाचायचा कंटाळा. शाळेने सुट्टीत पर्यावरणावरचं एक पुस्तक वाचून दोन पानी रिपोर्ट आणायला सांगितलाय, तुम्ही दुकानातून एक चकचकीत पुस्तक आणलं आणि ते चौथ्या पानावर अडकून पडलंय. दर मे महिन्यात हा प्रश्न मला कोणीतरी विचारतंच. शाळेच्या लायब्ररीत मी २३ वर्षं काढली, आता रिटायर झाल्यावर शनिवारी घरच्या हॉलमध्येच मुलांना पुस्तकं देते-घेते, त्यामुळे जे सांगतेय ते सगळं मुलांच्या हातात देऊन बघितलेलं आहे. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते चकचकीत पुस्तक का अडकलं ते सांगते. मुलीचा दोष नाही. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा आहे, त्यामुळे ओझोन, ग्रीनहाऊस, प्लॅस्टिक, झाडे लावा झाडे जगवा हे सगळं त्यांनी पहिलीपासून इतक्या वेळा ऐकलेलं असतं की झोपेतून उठवून विचारलं तरी दहा मार्कांचं उत्तर लिहून देतील. दुकानात ‘पर्यावरण’ असं लेबल लावून जी पुस्तकं मिळतात त्यातली बरीचशी म्हणजे तोच धडा, फक्त रंगीत चित्रांसकट. आणि तेरा-चौदाच्या वयात उपदेशाचा वास दोन मैलांवरून येतो हो मुलांना! म्हणून मी पर्यावरणाचं पुस्तक मागणाऱ्या मुलाला कधीच तसलं पुस्तक देत नाही. ज्यात जंगल आहे, जनावर आहे, शेत आहे आणि माणसाचं पोटही आहे, आणि या सगळ्यांचं एकमेकांशी जमत नाहीये, अशी गोष्ट देते.

तुमच्या मुलीसाठी माझं पहिलं नाव आहे ‘पाडस’. मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंची कादंबरी, तिला १९३९ चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं बक्षीस मिळालेलं, आणि मराठीत ती राम पटवर्धनांनी आणली. आणली म्हणजे अशी आणली की फ्लोरिडातलं रान वाचताना आपण कोकणात कुठेतरी आहोत असं वाटायला लागतं. ज्योडी नावाचा मुलगा, एकुलता एक, रानात एकटं घर, बापाशी गट्टी, आई जरा करवादलेली. एकदा बापाला साप चावतो, तेव्हा तो समोर दिसलेली हरणी मारतो आणि तिचं काळीज वापरून विष ओढून काढायचा प्रयत्न करतो (हे घरगुती उपाय म्हणून कोणी करू नका रे बाबांनो, साप चावला की सरळ हॉस्पिटल, मी मुलांना पुस्तक देतानाच हे सांगून टाकते). त्या हरणीचं पिल्लू मागे उरतं आणि ज्योडी ते घरी आणतो. इथपर्यंत मुलांना वाटतं अरे वा, क्यूट गोष्ट आहे. मग पिल्लू मोठं होतं आणि शेतातली कोवळी रोपं खायला लागतं. आणि ते शेत गेलं तर वर्षभर घरात खायला नाही.

शेवट सांगत नाही. पण इथे माझ्या शनिवारच्या गटात जे भांडण होतं ते बघण्यासारखं असतं. शहरातली मुलं म्हणतात की हरणाचा काय दोष, कुंपण उंच घालायचं. एकदा यवतमाळकडून मामाकडे सुट्टीला आलेला एक मुलगा होता, तो शांतपणे म्हणाला, ‘आमच्याकडे रोही एका रात्रीत हरभरा साफ करतात, तुम्ही एक रात्र जागलीला येऊन बसा मग बोला.’ रोही म्हणजे नीलगाय, हे तेव्हा निम्म्या मुलांना कळलं. मानव-वन्यजीव संघर्ष असं मोठं नाव असलेला जो धडा पुस्तकात आहे तो त्या दिवशी कुठलाही फळा न वापरता शिकवून झाला. पुस्तक जाडजूड आहे, पहिली पन्नासेक पानं संथ आहेत, हे मुलीला आधीच सांगा म्हणजे ती स्वतःला दोष देणार नाही. किंवा पहिली दोन प्रकरणं तुम्हीच रात्री मोठ्याने वाचून दाखवा. नववीतल्या मुलीला वाचून दाखवायचं? हो, दाखवायचं. ती नको नको म्हणेल आणि उशी घेऊन शेजारी येऊन बसेल.

जाड पुस्तकाची भीतीच असेल तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’. १९५५ चं पुस्तक, छोटंसं, दोन-तीन दिवसांत होतं. औंध संस्थानाच्या काळात एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो त्याची गोष्ट. याला कोणी पर्यावरणाचं पुस्तक म्हणत नाही, पण दुष्काळ पडतो, चारा संपतो, पाणी संपतं आणि अख्खी वाडी उठून जाते, ते वाचल्यावर हवामानामुळे होणारं स्थलांतर म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. शिवाय माणदेशी माणसांचं बोलणं असं आहे की मुलं ते शब्द उचलतात आणि आठवडाभर एकमेकांना त्याच भाषेत हाका मारतात.

माडगूळकरांचंच ‘सत्तांतर’ पण आहे, वानरांच्या टोळ्यांवरचं, साहित्य अकादमी मिळालेलं. हे मी दहावीच्या पुढे देते, आणि देताना पालकांना सांगून देते. कारण टोळीचा नवा नर आला की तो आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे लंगुरांमध्ये खरोखर घडतं आणि पुस्तकात ते कुठलीही गोड साखर न लावता आलंय. एका मुलीने ते दोन दिवसांत परत आणलं होतं, म्हणाली मॅडम मला नाही झेपलं. ठीक आहे की! वर्षाने तीच परत घेऊन गेली. मात्र निसर्ग म्हणजे सूर्योदय, धबधबा आणि वॉलपेपर एवढंच ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांच्यासाठी यासारखं औषध नाही.

जनावरांची आवड असेल तर विलास मनोहरांचं ‘नेगल’. भामरागडजवळच्या हेमलकशाला प्रकाश आमट्यांनी अनाथ प्राणी सांभाळायला सुरुवात केली त्यातल्या प्राण्यांच्या या गोष्टी आहेत, आणि नेगल हे तिथल्या बिबट्याचं नाव. मुलांना हे जाम आवडतं, वाघ-अस्वलं अंगाखांद्यावर खेळतायत म्हटल्यावर आवडणारच. पण मी त्यातली दुसरी बाजू आवर्जून दाखवते. आसपासचे माडिया आदिवासी शिकार करायचे ती हौस म्हणून नाही, भूक म्हणून. मेलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू बिलगलेलं असं दृश्य बघून ही सगळी सुरुवात झाली, पण त्या शिकाऱ्याला शिव्या देऊन काही होणार नव्हतं, त्याच्या घरी खायला काय हा प्रश्न होताच, म्हणून मग पिल्लाच्या बदल्यात धान्य. हे मुलांना एकदा समजलं की ती ‘आदिवासी जंगल तोडतात’ छापाची वाक्यं रिपोर्टमध्ये लिहीत नाहीत.

मारुती चितमपल्लींचं नाव तुम्हाला कोणीही सांगेल. वनखात्यात सगळी नोकरी, २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. माझं मत जरा वेगळं आहे, लोकांना आवडणार नाही कदाचित: ‘चकवाचांदण’ हे त्यांचं आत्मचरित्र थोर आहे पण ते चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलंच म्हणून देऊ नका, ठोकळा बघूनच पळेल. त्याऐवजी ‘रानवाटा’ किंवा ‘रातवा’ द्या, सुटे सुटे लेख आहेत, कुठूनही उघडायचं. आणि एक गंमत करा, त्यातले पक्ष्यांचे आणि झाडांचे जे मराठी शब्द येतात ते वहीत उतरवायला सांगा. रातवा म्हणजे कुठला पक्षी, हे शोधायला लागली मुलं की अर्धं काम झालं.

किरण पुरंदऱ्यांचं ‘सखा नागझिरा’ याच रांगेतलं. ते नागझिऱ्याच्या जंगलात जवळजवळ ४०० दिवस राहिले, त्याचं हे पुस्तक. डायरी लिहिण्याची सवय लावायची असेल तर उत्तम. माझ्याकडच्या दोन मुलांनी ते वाचून आमच्या मागच्या गल्लीतल्या कावळ्याच्या घरट्याची डायरी ठेवली, रोज संध्याकाळी सव्वापाचला, त्यात कोकिळेचं पिल्लू निघालं तेव्हा काय आरडाओरडा! नागझिराच पाहिजे असं काही नाही.

आता धाकट्याबद्दल. सातवी, इंग्रजी मीडियम, मराठी अडखळत. त्याला मी आत्ता लगेच पर्यावरण वगैरे काही देणार नाही, शाळेचा रिपोर्ट गेला खड्ड्यात (हे शाळेत बोलू नका). आधी मराठी पानावरून डोळा सरसर पळायला लागला पाहिजे. त्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही चालतो, फुरसुंगीचा बन्या, सायकल आणि त्याचं ते तोंडाने ‘ट्टॉक’ करणं. जुना झालाय का? थोडा झालाय, ट्रंक कॉल आणि तारा असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, पण चौथ्या पानापासून कोणीतरी पाठलागावर असतं आणि तेवढं पुरतं. भुताखेतांची आवड असेल तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, मात्र आठवी-नववीपासून, आणि रात्री लाईट चालू ठेवून झोपायची तयारी ठेवा. भीतीच्या गोष्टी वाचल्या म्हणून कोणी बिघडलेलं मी २३ वर्षांत पाहिलं नाही, वाचायला लागलेले मात्र खूप पाहिले.

ज्याला सलग पुस्तक जमतच नाही त्याच्यासाठी माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ चे भाग घ्या. बाल गटाचे दोन आणि कुमार गटाचे दोन असे आहेत, तुम्हाला कुमार गट लागेल. मराठीतल्या चांगल्या चांगल्या लेखकांचे छोटे उतारे आणि कविता विषयवार लावलेत, सोबत चित्रं सुंदर. एक उतारा आवडला की त्या लेखकाचं मूळ पुस्तक मागायला मुलं येतात, माझ्यासाठी ते टेस्टिंग काउंटरसारखं आहे, आईसक्रीमच्या दुकानात चमच्याने चव देतात ना तसं.

आणि सातवीतल्या मुलाला रिपोर्ट लिहायचाच असेल तर ‘एक होता कार्व्हर’. वीणा गवाणकरांचं. हे चरित्र म्हणून ठेवलेलं असतं त्यामुळे पर्यावरणवाले त्याला विसरतात. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, गुलामीत जन्मलेला मुलगा, मोठा होऊन शेतीचा शास्त्रज्ञ झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं फक्त कापूस लावून लावून जमिनीचा कस गेला होता, तेव्हा याने शेतकऱ्यांना भुईमूग, रताळी, चवळी लावायला सांगितली. भुईमुगासारख्या शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत धरून ठेवतात, म्हणून पिकांची फेरपालट. वाचून झालं की कुंडीत किंवा परसात भुईमुगाचे चार दाणे लावा, महिना-दीड महिन्याने एक रोप हळूच उपटा आणि मुळांवरच्या गाठी मुलाला हाताने फोडून बघू द्या, जिवंत गाठ आतून गुलाबी-लालसर असते. रिपोर्टमध्ये ते चित्र काढून लावलं तर बाई खूश, आणि विदर्भात नाहीतर मराठवाड्यात तुमचं कोणी शेती करत असेल तर त्यांना फोन करून विचारू दे की कापसानंतर तुम्ही काय लावता. ही एकच गोष्ट करून बघा.

सगळंच पर्यावरण नको, नाहीतर पुन्हा तोच शाळेचा वास. मुलगी नववीत आहे म्हणजे मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ तिच्या कानावर आलीच असेल. ती पण नववीतल्याच मुलाची गोष्ट, आणीबाणीच्या काळातली. एक वडील ही कादंबरी घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले होते, यात मुलं शिव्या देतात आणि मुलींबद्दल बोलतात म्हणून. मी म्हटलं, सर, शेवटपर्यंत वाचलीत का? नव्हती वाचली. घेऊन गेले, आठवड्याने परत आले, आणि न बोलता पुस्तक ठेवून म्हणाले की याच लेखकाचं अजून काही आहे का. प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी त्याच्याआधी, बारा-तेराला, ‘वनवास’ पासून सुरू करायचं, बेळगावकडची ती हवा आणि लंपनचं ते सगळं काही ‘मॅडसारखं’ असणं. काही मुलांना तो अजिबात लागत नाही, संथ वाटतो, तर सोडून द्यायचं, जबरदस्ती नाही.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली ती सांगते. माझ्या लायब्ररीतल्या निम्म्या बालकादंबऱ्या पुण्या-मुंबईतल्या वाड्यात आणि बंगल्यातच घडायच्या. एकदा एका मुलाने विचारलं, मॅडम, आमच्यासारख्या घरातलं काही आहे का. तेव्हा शोधाशोध करून नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ दिलं, त्यांच्या स्वतःच्या दलित कुटुंबाची गोष्ट. ते पुस्तक नंतर वर्षभर त्याच्या गल्लीतून परतच आलं नाही, हातोहात फिरत होतं, आणि मी दंड लावला नाही. तुमच्या मुलीला पण द्या, बापाचं पात्र वाचताना मुलं खो खो हसतात आणि मध्येच गप्प होतात.

अकरावी-बारावीत गेली की मग थेट विषयावरची पुस्तकं चालतात. बोकिलांचंच ‘गोष्ट मेंढा गावाची’ घ्या. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. २००९ ला त्यांना आपल्या सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबूचा कारभार गावाने हातात घेतला. मोर्चे, पोस्टर, सेल्फी यापलीकडे माणसं बसून, चर्चा करून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबून काम कसं करतात ते यात दिसतं. थोडं माहितीपर आहे, गोष्टीसारखं धावत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं आत्मचरित्र ‘सह्याचला आणि मी’ हे विज्ञान घेणाऱ्या मुलांना द्यावं, पश्चिम घाटाच्या अहवालावरून २०११ नंतर एवढा गदारोळ का झाला ते त्या माणसाच्या तोंडून कळतं. आणि अतुल देऊळगावकरांचं ‘ग्रेटाची हाक’ मुलीला आत्ताही चालेल, ग्रेटा थुनबर्ग २०१८ ला हवामान बदलाविरुद्ध स्वीडनच्या संसदेसमोर एकटी पाटी घेऊन बसली तेव्हा पंधरा वर्षांचीच होती. फक्त एक सांभाळा. हवामान बदलाचं वाचून काही मुलं खरोखर घाबरतात, रात्री झोप लागत नाही, ‘मग शिकून काय उपयोग’ असं विचारतात. असं पुस्तक देताना शेजारी मेंढा गावाच्या गोष्टीसारखं काहीतरी ठेवायचंच, जिथे कोणीतरी काहीतरी करून दाखवलंय.

इंग्रजीतलं विचारलंत. जेराल्ड डरेलचं ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’, कॉर्फू बेटावरचा दहा वर्षांचा पोरगा काडेपेटीत विंचू ठेवतो आणि घरात हलकल्लोळ, यापेक्षा जास्त काही सांगायला नको. आणि बिजल वच्छराजानींचं ‘अ क्लाउड कॉल्ड भुरा’, मुंबईच्या आकाशात एक तपकिरी ढग येऊन बसतो त्याची गोष्ट, सातवीतल्या मुलाला एकदम फिट. मुंबईत हिवाळ्यात सकाळी खिडकीतून जे दिसतं ते बघता फार कल्पनाविश्व वगैरे पण राहिलेलं नाही म्हणा.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ बद्दल माझी एक पद्धत आहे. हे पुस्तक सलग वाचायचं नाहीच. बारा महिन्यांवर लेख आहेत, त्या त्या महिन्यात तो तो लेख, बस. भाषा जड आहे, तुम्हीच वाचा आणि मुलं आसपास असू द्या. फाल्गुन वाचला की पळस आणि पांगारा शोधायला बाहेर पडायचं, वैशाखात बहावा. आम्ही गेल्या वर्षी बसस्टॉपमागचा बहावा कधी फुलतो याची पैज लावली होती, मी आठ दिवसांनी हरले.

रिपोर्टचं सांगते, कारण खरी अडचण तीच आहे. ‘लेखकाचा परिचय, सारांश, मला मिळालेला बोध’ हा साचा मुलांचं वाचन मारतो. माझ्याकडे मी कधी सारांश मागितला नाही, कोणीतरी इंटरनेटवरून उतरवूनच आणतं. त्याऐवजी तीन-चार प्रश्न विचारते, की पुस्तकातल्या कुठल्या माणसावर चिडलीस, कुठलं पान परत वाचलंस, आणि ज्योडीच्या जागी तू असतीस तर बापाला काय उत्तर दिलं असतंस. याची उत्तरं लिहिली की दोन पानं भरतात, आणि शाळेला सारांशच हवा असेल तर वरती चार ओळींचा जोडायचा.

पुस्तकं विकतच घ्या असं नाही. गावातलं सार्वजनिक वाचनालय बघा, वर्गणी एका पिझ्झाच्या आत असते, ‘पाडस’, ‘बनगरवाडी’, ‘कार्व्हर’ बहुतेक ठिकाणी असतातच, फक्त कपाटाच्या वरच्या खणात धूळ खात, मागून घ्यावी लागतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाईन फुकट वाचता येतात, त्यातली चित्रं बघायलाच मुलं रेंगाळतात. मोबाईलवर वाचलं तर चालेल का, असं तुम्ही विचारणार, तर चालेल, पण नोटिफिकेशन बंद करून. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साईटवरही मराठी पुस्तकांचा ढीग आहे. आणि घरात पुस्तक ठेवायची जागा म्हणजे कपाट नव्हे, ते बाथरूमला जाताना वाटेत दिसेल अशा ठिकाणी उघडं पालथं टाकून ठेवायचं, आणि ‘वाचलंस का’ असं चुकूनही विचारायचं नाही. मी हे स्वतःच्या मुलावर तीन वर्षं उलटं केलं, रोज विचारायचे, त्याने दहावी होईपर्यंत एकही पुस्तक पूर्ण केलं नाही.

तर आधी ‘पाडस’ आणा, पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचा, आणि मुलाला भुईमुगाचे दाणे द्या. मुलगी सध्या मोबाईलवर नेमकं काय बघते ते कळवा, क्राईम, कोरियन सीरिज, क्रिकेट जे काय असेल ते, त्यावरून पुढचं पुस्तक सांगता येईल.